जॉनचा आवाज, पॉलची कात्री

‘ऐकू येतंय का?’ – प्रश्न वाचकांचे, उत्तरं एका जुन्या ध्वनिमुद्रकाची

गेल्या अंकात मी बीटल्स या साठच्या दशकातल्या इंग्रज चौकडीच्या ‘नाऊ अँड देन’ या गाण्याचा ओझरता उल्लेख केला होता. जॉन लेननने 1977च्या सुमाराला घरी कॅसेटवर गाऊन ठेवलेलं अर्धवट गाणं, त्याच्या साथीदारांनी 2023मध्ये पुरं केलं आणि ते जुन्या संग्रहाच्या नव्या आवृत्तीत आलं, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की नाट्यगीतांच्या तबकड्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. त्या मंडळींनी रागावू नये.

जॉन लेनन 1980मध्ये गेला. मग 2023मध्ये गायला कोण? माझा भाचा म्हणतो, हा सगळा एआयने बनवलेला नकली आवाज आहे.
– एक वाचक, नाशिक रोड

भाच्याला सांगा, आवाज शंभर टक्के जॉनचा आहे. त्याचा गैरसमज कुठून झाला तेही सांगतो. जून 2023मध्ये बीटल्समधला जॉनचा साथीदार पॉल मॅकार्टनी बीबीसीच्या मुलाखतीत बोलताबोलता म्हणाला की या गाण्यासाठी एआयची मदत घेतली. झालं! त्या सुमाराला मेलेल्या गायकांचे बनावट आवाज जिकडेतिकडे ऐकू येत होते, त्यामुळे लोकांनी हेही त्यातलंच धरलं. काहीही कृत्रिम बनवलेलं नाही, असा खुलासा पॉलला नंतर करावा लागला.

घडलं ते असं. न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत जॉन राहायचा. तिथे पियानोवर बसून, साधा कॅसेट रेकॉर्डर लावून त्याने हे गाणं गायलं. एकच ट्रॅक, त्यात आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळलेले. 1994मध्ये त्याची पत्नी योको ओनो हिने अशा काही गाण्यांच्या टेप पॉलकडे दिल्या. मिसळलेल्या ट्रॅकमधून एकच आवाज बाहेर काढणं हे आमच्या धंद्यात अशक्य मानलं जायचं. माझ्या उमेदवारीच्या काळात कोणी निर्माता ‘जरा तबला कमी करून बाई वर घ्या’ म्हणाला आणि टेप आधीच मिक्स झालेली असली, की आमचे वस्ताद चहा मागवायचे. करण्यासारखं दुसरं काही नसायचंच.

हे अशक्य काम न्यूझीलंडमध्ये झालं. पीटर जॅक्सन हा दिग्दर्शक बीटल्सच्या जानेवारी 1969च्या चित्रीकरणातून ‘गेट बॅक’ ही माहितीपट-मालिका बनवत होता. जवळपास साठ तासांचं चित्रीकरण आणि दीडशे तासांहून जास्त ध्वनिमुद्रण, तेही बहुतेक मोनो, म्हणजे सगळे आवाज एकाच ट्रॅकमध्ये. खासगी बोलणं पकडलं जाऊ नये म्हणून ही पोरं गप्पा मारताना मुद्दाम गिटार खाजवत बसायची. जॅक्सनच्या माणसांनी संगणकाला शिकवलं की गिटार अशी वाजते, ढोल असा, माणसाचा गळा असा. आता या खिचडीतून एकेक वेगळं कर. या यंत्रणेचं नाव ‘मॅल’. बीटल्सचा जुना मदतनीस मॅल इव्हान्स याची त्यात आठवण आहे. ही मालिका 2021मध्ये आली, पुढच्या वर्षी याच यंत्रणेने 1966च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमचं नवं मिक्सिंग झालं, आणि मग जॉनची कॅसेट तिच्यासमोर ठेवली गेली. पियानो एकीकडे, जॉन एकीकडे.

म्हणजे यंत्राने काही गायलं नाही, फक्त निवडलं. पण भाच्याचा संशय मी पुरता उडवूनही लावणार नाही. पुढच्या एका उत्तरात त्याकडे यायचंय.

1995–96मध्ये अशाच दोन गाण्यांवर काम करून ती प्रसिद्ध केली होती ना? मग हे तिसरं तेव्हाच का नाही?
– एक वाचक, मिरज

‘फ्री ॲज अ बर्ड’ 1995मध्ये आलं, ‘रिअल लव्ह’ 1996मध्ये. दोन्हीही जॉनच्या घरच्या कॅसेटवरूनच. पॉल, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे तिघे इंग्लंडात ससेक्समध्ये पॉलच्या स्टुडिओत जमले, निर्माता म्हणून जेफ लिन. जॉन घरी एकटा गात होता, ठेका धरायला कोणी नाही, त्यामुळे लय कधी पुढे पळते, कधी रेंगाळते. त्यावर नंतर ड्रम वाजवायचे तर आधी जॉनच्या ओळी कापून, सरकवून ठेक्यात बसवायला लागतात. लिनने हे किचकट काम निगुतीने केलं. तरी ती दोन गाणी आज हेडफोन लावून ऐका. जॉन दुसऱ्या खोलीतून गातोय असं वाटतं, कारण त्याच्यामागचा पियानो काढता आला नाही, फक्त दडपला.

तिसऱ्या गाण्यावर मार्च 1995मध्ये थोडं काम केलं आणि सोडून दिलं. टेपवर विजेची घूं होती. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, आपल्याकडे 50ची. ही घूं एकटी येत नाही. 60च्या मागे 120, 180, 240 अशी सगळी भावकी येते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात पुरुषाच्या आवाजाचा गाभा असतो. चाळणी लावून घूं काढायला गेलात की गळ्याची भरदारी सोबत जाते. घूं एकवेळ सहन झाली असती. पॉलने नंतर सांगितलेली अडचण जास्त खरी आहे: जॉनचा आवाज वाढवला की पियानोही वर यायचा आणि सगळं झाकोळून टाकायचा.

दुसरं कारण जॉर्ज. त्याला या गाण्यात राम वाटला नाही, आणि तसं तो चांगल्या खणखणीत शब्दांत म्हणाला असं पॉलच सांगतो. बीटल्समध्ये लोकशाही होती, म्हणजे एकाने नाही म्हटलं की संपलं. मला जॉर्जचा हा नकार महत्त्वाचा वाटतो आणि 2023च्या जाहिरातबाजीत तो जरा घाईने गुंडाळला गेला. तो 29 नोव्हेंबर 2001 रोजी गेला. त्याच्या कुटुंबाने पुढे संमती दिली हे खरं. पण संमती कुटुंबाची, नकार त्याचा स्वतःचा.

नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध करून बजावलं की यात कोणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. आपल्या या इंग्रज मंडळींनी नरोटी ठेवली की ताट पुसलं?
– एक निवृत्त शिक्षक, पैठण

सर, पत्र वाचून संपादकांना फोन करून वाचून दाखवलं. याचंच उत्तर लांबणार आहे.

नाथांनी शके 1506मध्ये केलं ते शुद्धीकरण. लोकांनी घुसडलेलं काढलं, मूळ पाठ उजळ केला. न्यूझीलंडच्या यंत्रणेने जे केलं तेवढं या जातीचं आहे. पियानो आणि घूं बाजूला झाली, जॉनचा गळा स्वच्छ मिळाला. इथपर्यंत ताट पुसलं, तुमच्याच शब्दांत.

पुढे जे झालं ते शुद्धीकरण नव्हे, रचना आहे. 2022मध्ये पॉलने नव्याने बेस वाजवला, पियानो वाजवला, जॉर्जच्या ढंगात स्लाइड गिटारचा तुकडा वाजवला. रिंगोने लॉस एंजेलिसला आपल्या घरच्या स्टुडिओत ड्रम वाजवले. जॉर्जने 1995मध्ये वाजवून ठेवलेली गिटार घेतली, म्हणजे नको म्हणणारा माणूसही गाण्यात आहेच. हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत व्हायोलिन-चेलोचा ताफा बसवला; त्यांच्या नोटेशनच्या कागदावर गाण्याचं नाव मुद्दाम खोटं, ‘गिव्ह अँड टेक’ असं टाकलं, म्हणजे बातमी फुटायला नको. बीटल्सच्या निर्मात्याचा, जॉर्ज मार्टिनचा, मुलगा जाइल्स मार्टिन यात पॉलच्या बरोबरीने होता. मागचे ‘आऽऽ’ करणारे सूर ‘एलिनॉर रिग्बी’, ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’ आणि ‘बिकॉज’ या साठच्या दशकातल्या त्यांच्याच गाण्यांतून उचलून बसवले आहेत. मला ही शेवटची गोष्ट पटलेली नाही. त्या सुरांना आपापल्या गाण्यात काम होतं. इथे ते लग्नाच्या जुन्या आल्बममधून कापून चिकटवलेल्या फोटोसारखे दिसतात.

पण हे सगळं भर घालण्याबद्दल झालं. लोक त्यावरच भांडत बसतात. माझं भांडण आहे ते वगळण्याशी. जॉनच्या कॅसेटमध्ये धृवपदाच्या आधी एक चढता भाग आहे. चाल एकदम दुसरीकडे वळते, जॉनचा सूर धडपडत वर जातो, शब्द अर्धे बनलेले, काही नुसते तोंडातल्या तोंडात. तुला गमवायचं नाही अशा अर्थाची विनवणी आहे ती. ही मूळ टेप वर्षानुवर्षं चोरट्या प्रतींतून रसिकांकडे फिरत आली आहे, मीही ती अनेकदा ऐकली आहे. माझ्या कानाला त्या गाण्याची सगळी अस्वस्थता तिथे आहे. 2023च्या गाण्यात तो भाग नाही. पॉलने गाळला.

का गाळला हे समजतं. शब्द पक्के नव्हते, आणि त्या भागाशिवाय गाणं सरळ, नीटनेटकं चालतं. संपादक म्हणून मी पॉलच्या जागी असतो तर कदाचित कात्री हातात घेतलीही असती. पण मग हे लक्षात घ्या, की ऐकणाऱ्यांना यंत्राची भीती वाटत राहिली आणि गाण्याला सगळ्यात मोठा धक्का दिला तो एका ऐंशी वर्षांच्या माणसाच्या निर्णयाने. भाच्याचा संशय इथे वळवावा.

आता पॉलच्या बाजूने. ज्ञानेश्वरी पूर्ण ग्रंथ आहे, हे गाणं नव्हतं. त्यामुळे नरोटीचा दंडक जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय पॉल परका नाही. दोघांनी एकमेकांची अर्धी गाणी आयुष्यभर पुरी केली. 1967चं ‘अ डे इन द लाइफ’ घ्या: सुरुवात-शेवट जॉनचा, मधला सकाळच्या घाईगर्दीचा तुकडा पॉलचा. तो तुकडा काढून बघा, गाणं लंगडं होईल. पॉलला जॉनच्या गाण्यात हात घालायचा अधिकार जगात सगळ्यात जास्त आहे, हे मान्य. फरक एवढाच, की तेव्हा ‘हे नको’ म्हणायला जॉन समोर बसलेला असायचा, आणि तो म्हणायचाही.

तेव्हा सर, माझा निकाल असा: नरोटी नाही. पण गाळलेल्या ओवीची नोंद तळटिपेत द्यायला हवी होती. नव्या आवृत्तीत एवढी गाणी भरली, त्यात जॉनची मूळ कॅसेट, घूंसकट, एक ट्रॅक म्हणून दिली असती तर पाच मिनिटांचा प्रश्न होता. ती दिली नाही. शुद्ध प्रत छापायची आणि पोथी दडवायची, हे नाथांना चाललं असतं का, तुम्हीच सांगा.

माझ्याकडे वडिलांनी घेतलेले लाल आणि निळा हे दोन्ही जुने अल्बम आहेत. नवी आवृत्ती घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

लाल म्हणजे ‘1962–1966’, निळा म्हणजे ‘1967–1970’, दोन्ही बीटल्सच्या निवडक गाण्यांचे संग्रह, 1973चे. नवी आवृत्ती 10 नोव्हेंबर 2023ला आली आणि 54 गाण्यांची 75 झाली. जुन्या लाल अल्बममध्ये जॉर्जचं लिहिलेलं एकही गाणं नव्हतं, सगळी लेनन-मॅकार्टनी! ती चूक दुरुस्त झाली, ‘टॅक्समन’ आत आलं. निळ्यात ‘विदिन यू विदाउट यू’ आलं. लाल अल्बममधली सुरुवातीची गाणी नव्याने वेगळी करून मिक्स केली आहेत. पूर्वी एका कानात गळा आणि दुसऱ्या कानात सगळी वाद्यं असा जो प्रकार स्टिरिओत होता तो गेला. हेडफोनवर ऐकणार असाल तर लाल घ्या.

निळा फक्त ‘नाऊ अँड देन’साठी घेऊ नका. ते सुटं मिळतं, 1962च्या ‘लव्ह मी डू’सोबत, पहिलं आणि शेवटचं एकाच तबकडीवर. वडिलांच्या प्रती मात्र कोणी कितीही पैसे दिले तरी विकायच्या नाहीत.

गाणं खरंच चांगलं आहे, की नुसतं नावावर चाललं?
– एक वाचक, फोंडा

दोन्ही. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, 1969नंतर 54 वर्षांनी बीटल्सचं पहिलंच. 2025मध्ये रॉक सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. यात नावाचा वाटा मोठा. पण पहिल्या कडव्यात जॉनचा आवाज मोकळा, समोर उभा राहिल्यासारखा येतो, ती जागा नावावर येत नाही. दुसऱ्या कडव्यात पॉल त्याच्याखाली हळूच आपला सूर धरतो. त्यात पंचेचाळीस वर्षांचं अंतर ऐकू येतं: एकजण अजून तिशीतच आणि दुसऱ्याच्या गळ्याला कंप सुटलेला. मला तेवढ्यासाठी गाणं आवडतं. व्हायोलिनं निम्मी चालली असती.

बीटल्सचा आणि मुंबईचा काही संबंध? त्यांच्या ऋषिकेशच्या मुक्कामाबद्दल सगळेच लिहितात.
– एक वाचक, गिरगाव

आहे, आणि आजच्या विषयाला धरून आहे. जॉर्ज हॅरिसन जानेवारी 1968मध्ये मुंबईत आला आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’ या चित्रपटसंगीताच्या अल्बमसाठी ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मा, आशीष खाँ हे त्यात होते. त्याच बैठकींत ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत झालं; बासरी हरिप्रसाद चौरसियांची. ती टेप घेऊन जॉर्ज लंडनला गेला, फेब्रुवारीत ॲबी रोडच्या स्टुडिओत त्यावर गायला, आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. म्हणजे वादक एका खंडात, गायक दुसऱ्यात, महिन्याच्या अंतराने. गाणी तुकड्यातुकड्यांनी जोडणं हे आजचं खूळ नाही. तिथे महिना गेला, ‘नाऊ अँड देन’ला शेहेचाळीस वर्षं लागली.

काका, आमच्या आजोबांच्या भजनाची कॅसेट आहे. पेटी, टाळ, पंखा आणि आजोबा, सगळं एकत्र. जॉन लेननसारखे आमचे आजोबाही वेगळे काढता येतील का?
– एक वाचक, चिपळूण

येतील, थोडेफार. पण त्याआधी बरंच काही करायचंय आणि तेच लोक करत नाहीत.

कॅसेट लगेच मशिनमध्ये घालू नका. कोकणातली आहे, म्हणजे कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते का ते आधी उजेडात बघा. दिसली तर थांबा, जाणत्याकडून साफ करून घ्या, नाहीतर बुरशी मशिनच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून बाकीच्या कॅसेटवर जाईल. फितीच्या मागे बारकी पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर नमद्याचा तुकडा असतो. तो बहुधा गळून पडलेला असतो. तो नसेल तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो. अशा वेळी फीत काढून स्क्रूच्या चांगल्या डबीत घालायची.

मशिनचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो किंचित फिरवत टाळांचा आवाज सगळ्यात खणखणीत कुठे येतो ते शोधा. ज्या यंत्रावर ही कॅसेट भरली त्याचं हेड जरा तिरकं असणारच, तुमचं तितकंच तिरकं करायचं. त्यानंतर वेग. जुन्या घरगुती रेकॉर्डरांचा वेग कधीच बरोबर नसायचा. पण तुमच्याकडे पुरावा आहे: आजोबांची पेटी घरात असेल तर तिची तीच पट्टी दाबा आणि टेपमधल्या सुराशी जुळवा. जॉनच्या पियानोपेक्षा तुमची सोय बरी.

मग 24 बिटवर संगणकात उतरवा आणि ती फाइल जशीच्या तशी, काहीही न करता, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आवाज वेगळा काढण्याचे प्रयोग नेहमी तिच्या प्रतीवर. आता मिळणारी सॉफ्टवेअरं बहुतेक पाश्चात्त्य गाण्यांवर शिकलेली आहेत. ड्रम आणि बेस ती झटकन ओळखतात. पेटीचं मात्र त्यांना कळत नाही. गायकाच्या मागोमाग जाणारा तो लांब सूर त्यांना दुसरा गायकच वाटतो, आणि मी ऐकलेल्या कित्येक टेपांत ‘वेगळ्या’ काढलेल्या गळ्याला पेटीची शेपटी लटकलेली होती. टाळही फुटतात. पंखा चांगला निघतो.

माझा सल्ला, पंखा काढा, 50ची घूं कमी करा, पेटी राहू द्या. भजनात पेटीशिवाय आजोबा कशाला हवेत?

आणि कॅसेट मला कुरिअरने पाठवू नका, मे महिन्यातल्या टेम्पोत तिचं काय होतं ते मी पाहिलंय. सैल पडलेली फीत गुंडाळायला पेन्सिल चालेल, फक्त षटकोनी घ्या. गोल पेन्सिल नुसती फिरते.